धातूचे हात मोजणारा माणूस : आल्फ्रेड वर्नर

बारावीला कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा धडा आपण सगळ्यांनीच केलाय. त्यात वर्नर्स थिअरी नावाचा एक हुकमी प्रश्न असतो. पोस्ट्युलेट्स पाठ करायची, प्रायमरी आणि सेकंडरी व्हॅलन्सीमधला फरक लिहायचा, कोबाल्टचं एखादं उदाहरण द्यायचं आणि मार्क घेऊन पुढे जायचं. ॲडमिशन झाली की वर्नर डोक्यातून जातो तो कायमचाच. पण हा वर्नर कोण, कुठला, त्याला ही थिअरी सुचली कशी आणि ती सिद्ध करता करता त्याचं आयुष्य कसं खर्ची पडलं, हे टेक्स्टबुकात नसतं. ही गोष्ट आपल्यासारख्यांनी वाचावी अशी आहे. कारण या माणसाकडे आयडिया आधी आली आणि शेवटचा पुरावा नंतर. मध्ये गेली अठरा वर्षं!

आल्फ्रेड वर्नरचा जन्म १२ डिसेंबर १८६६ चा, म्युलूझ गावातला. फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या अल्सास प्रांतातलं हे गाव. कापड विणायचं, छापायचं आणि रंगवायचं, हा तिथला मोठा धंदा. म्हणजे केमिस्ट्री इथे पुस्तकात नव्हती, कारखान्याच्या सांडपाण्यातून गावभर वाहत होती. आल्फ्रेड साडेतीन वर्षांचा असताना फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि १८७१ साली अल्सास जर्मनीच्या ताब्यात गेलं. घर तेच, गल्ली तीच, देश मात्र बदलला. घरात फ्रेंच आणि शाळेत जर्मन अशा दुहेरी वातावरणात पोरगं वाढलं. वडील कारखान्यात नोकरीला. परिस्थिती बेताचीच. मुलाला मात्र केमिस्ट्रीचं भलतं वेड. घरामागच्या कोठारात त्याने आपली छोटी लॅब थाटली होती, असं सांगतात.

सक्तीच्या लष्करी नोकरीचं एक वर्ष त्याने कार्ल्सरूहमध्ये काढलं. तिथेही फावल्या वेळात तो टेक्निकल कॉलेजातल्या लेक्चरना जाऊन बसायचा. १८८६ साली तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. हेच आजचं ईटीएच. दहा वर्षांनी आइनस्टाइन शिकायला आला तोही इथेच. आता गंमत ऐका. आल्फ्रेडला गणित जड जायचं आणि डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री, म्हणजे आपल्या ग्राफिक्सची आजी, तिने तर त्याला चांगलंच छळलं. आपल्या भाषेत केटीचे विषय! पण ज्या पोराला शीटवर प्रोजेक्शन जमत नव्हतं, त्यानेच पुढे रेणूंचा आकार अवकाशात कसा असतो ते जगाला दाखवलं. कागदावरची भूमिती आणि डोळे मिटून दिसणारी भूमिती या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

१८८९ ला टेक्निकल केमिस्ट्रीचा डिप्लोमा आणि १८९० ला आर्थर हान्च यांच्या हाताखाली डॉक्टरेट. प्रबंधाचा विषयच नायट्रोजनच्या संयुगांत अणूंची मांडणी अवकाशात कशी असते हा होता. नंतर काही महिने पॅरिसला बर्थलो यांच्याकडे काम करून १८९२ साली तो झुरिकला परतला. पद होतं प्रिव्हाटडोत्सेंट. शिकवायची मुभा, पण पक्का पगार नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी ती रात्र आली. पण ती समजण्यासाठी आधी कोडं काय होतं ते बघायला हवं.

मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण घ्या. फिकट निळं असतं. त्यात अमोनिया ओतत गेलं की आधी साका बसतो, मग तो विरघळतो आणि द्रावण गर्द निळंशार होतं. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये हे सगळ्यांनी पाहिलंय. तांब्याच्या एका आयनाला चार अमोनिया चिकटलेले असतात. प्रश्न असा, की ते चिकटतात कशाने? तेव्हाच्या समजुतीप्रमाणे प्रत्येक अणूला ठरावीक हात. तांब्याला दोन, ते सल्फेटने धरलेले. नायट्रोजनला तीन, ते तीन हायड्रोजननी धरलेले. म्हणजे दोघांचेही हात भरलेले. तरी हे एकमेकांना सोडत नाहीत. कोबाल्ट, प्लॅटिनम, क्रोमियम सगळीकडे हीच भानगड, आणि संयुगं तर एकाहून एक रंगीत.

यावर स्वीडनच्या ब्लोमस्ट्रांड यांनी १८६९ मध्ये तोडगा काढला होता आणि डेन्मार्कचे सोफुस योर्गेनसेन यांनी तो नीट मांडून वाढवला होता. त्यांचं म्हणणं, अमोनिया एकमेकांचे हात धरून साखळी करतात, आगगाडीच्या डब्यांसारखे. धातू इंजिन, टोकाला क्लोरीन. योर्गेनसेन हे साधे गृहस्थ नव्हते. त्यांच्याइतक्या काटेकोरपणे ही संयुगं बनवणारा दुसरा माणूस तेव्हा युरोपात सापडणं कठीण होतं. कोपनहेगनमधल्या त्यांच्या लॅबमधून वर्षानुवर्षं निर्दोष प्रयोग बाहेर पडत होते.

आणि इकडे झुरिकमध्ये सव्वीस वर्षांचा, या विषयात अजून धड एकही प्रयोग न केलेला वर्नर. रात्री दोन वाजता तो खाडकन जागा झाला. डोक्यात उत्तर तयार होतं. उठला आणि लिहायला बसला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत लिहीतच होता. होस्टेलवर आपण सबमिशनच्या आदल्या रात्री नाइट मारतो, तशी ही नाइट. फरक इतकाच, की सकाळी याच्या हातात कोणाचं तरी कॉपी केलेलं जर्नल नव्हतं. १८९३ साली हा लेख छापून आला आणि वर्नर एका झटक्यात युरोपभर माहीत झाला. त्याच वर्षी झुरिक विद्यापीठाने त्याला प्राध्यापकीचं पद दिलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात. एक प्राथमिक, ती विद्युतभार भागवते. दुसरी दुय्यम, ती शेजारी किती बसणार ते ठरवते. शेजारी मोजून ठरलेले, कुठे चार, कुठे सहा. ते साखळीने लोंबत नाहीत, थेट धातूलाच धरतात आणि त्याच्याभोवती ठरावीक आकारात बसतात. सहा असले तर अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर.

याची परीक्षा सोपी होती. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाची तीन संयुगं घ्या. सहा अमोनियावालं पिवळं, पाचवालं जांभळट आणि चारवालं हिरवं. तिन्हींत क्लोरीन तीनच. पण सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पिवळ्यातले तिन्ही क्लोरीन पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतात, जांभळ्यातले दोनच आणि हिरव्यातला एकच. वर्नर म्हणाला, सरळ आहे. अमोनियाची खुर्ची रिकामी झाली की क्लोरीन आत येऊन बसतो, आणि आत बसलेला क्लोरीन सहजी बाहेर येत नाही. साखळीवालेही हे आकडे कसेबसे जुळवत होते. पण तीन अमोनिया उरले की दोघांची वाट वेगळी व्हायची. साखळीच्या हिशेबाने असं संयुग पाण्यात वीज वाहून नेणार, वर्नरच्या हिशेबाने अजिबात नाही. मिओलाती या इटालियन मित्राबरोबर त्याने मोजून पाहिलं. कोबाल्टच्या अशा संयुगाची वाहकता जवळपास शून्य भरली.

तरीही योर्गेनसेन मानायला तयार नव्हते, आणि त्यात हट्ट कमी, मुद्दा जास्त होता. वर्नरने थिअरी मांडली ती बरीचशी दुसऱ्यांच्या, विशेषतः खुद्द योर्गेनसेन यांच्या प्रयोगांवर. मग पुरावा कुठाय? अष्टफलक खरा असेल तर चार अमोनिया आणि दोन क्लोरीनवालं संयुग दोन रूपांत मिळायला हवं. एकात दोन्ही क्लोरीन शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. हिरवं सगळ्यांना माहीत होतं. दुसरं, जांभळं, कोणी पाहिलंच नव्हतं. ते दाखवा, मग बोलू.

वर्नरला ते दाखवायला चौदा वर्षं लागली.

ही वर्षं त्याने जिथे काढली ती जागा बघण्यासारखी होती. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं तळघर, भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. विद्यार्थी त्याला कॅटाकोम, म्हणजे भुयारी कबरस्तान म्हणत. १९०९ मध्ये नवी इमारत मिळेपर्यंत काम तिथेच चाललं. वर्नर शिस्तीचा आणि तापट. पण देशोदेशीची पोरं त्याच्याकडे यायची, मुलीही यायच्या. १९०१ मध्ये त्याच्याकडे डॉक्टरेट केलेली एडिथ हम्फ्री ही केमिस्ट्रीत डॉक्टर झालेल्या पहिल्या काही ब्रिटिश स्त्रियांपैकी एक. दोनशेच्या वर प्रबंध त्याच्या हाताखाली झाले. दरम्यान त्याने एम्मा गीस्करशी लग्न केलं, स्विस नागरिकत्व घेतलं, दोन मुलं झाली. सीमेवर जन्मलेल्या माणसाला शेवटी आपला देश सापडला.

याच काळात, १९०४ साली, त्याच्या थिअरीला एका अनपेक्षित बाजूने दुजोरा मिळाला आणि तो तांब्याकडून आला. हाइनरिख लाय या जर्मन केमिस्टने तांबं आणि ग्लायसिन यांच्या संयुगाचा अभ्यास केला. ब्रुनी आणि फोर्नारा या इटालियन जोडीनेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच केलं. ग्लायसिन म्हणजे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल. ब्राकोनो या फ्रेंच केमिस्टला १८२० साली ते जिलेटिनमध्ये सापडलं, चवीला गोड. प्रथिनांच्या भिंतीतली ही सर्वांत लहान वीट. आता गंमत अशी, की तांबं आणि ग्लायसिनचं हे संयुग क्षार असूनही पाण्यात क्षारासारखं वागेना. वीज फारच कमी वाहून नेई, आणि रंग मात्र गडद निळा, अमोनियाच्या द्रावणाची आठवण करून देणारा.

वर्नरचा चष्मा लावला की हे लख्ख दिसतं. ग्लायसिनच्या एका टोकाला अमाइन गट, म्हणजे अमोनियाचाच भाऊ. त्याच्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. दुसऱ्या टोकाला आम्लाचा गट. त्यातला हायड्रोजन निघून गेला की ऑक्सिजनवर ऋणभार उरतो. हा ऑक्सिजन तांब्याची प्राथमिक संयुजा भागवतो आणि नायट्रोजन दुय्यम. एकच रेणू दोन्ही हातांनी तांब्याला धरतो, चिमट्यासारखा. तांबं, नायट्रोजन, दोन कार्बन आणि ऑक्सिजन, अशी पाच अणूंची अंगठी तयार होते. पाचाची अंगठी फार ताणही घेत नाही आणि सैलही पडत नाही. अशा दोन ग्लायसिननी तांब्याचे चारही घट्ट हात व्यापले की दोन धन आणि दोन ऋण भार आतल्या आत फिटतात. बाहेर भारच उरत नाही, मग वीज वाहणार कोण? लायने अशा संयुगांना आतल्या आत जुळलेले जटिल क्षार असं नाव दिलं. चिमटा या अर्थाचं चिलेट हे नाव नंतरचं, १९२० मधलं. खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून ते आलं.

हा चिमटा किती घट्ट, ते आज आकड्यांत सांगता येतं. तांब्याला चार अमोनियांनी मिळून धरलं तर स्थिरता स्थिरांकाचा लॉग साधारण १३ भरतो. दोन ग्लायसिननी धरलं तर साधारण १५. धरणारे हात दोन्हीकडे चारच, पण पकड जवळपास शंभर पट. कारण उघड आहे. एकट्या अमोनियाचा हात सुटला की तो गर्दीत हरवतो. ग्लायसिनचा एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, आणि सुटलेला हात परत जागेवर येतो.

आणखी एक मजा. या तांबं-ग्लायसिन संयुगाचीही दोन रूपं निघाली. एकात दोन्ही नायट्रोजन एका बाजूला, दुसऱ्यात समोरासमोर. कोबाल्टच्या हिरव्या-जांभळ्याचा जो वाद वर्नर लढत होता, तोच प्रश्न इथे अमिनो आम्लाच्या वेशात उभा होता.

१९०८ मध्ये वर्नरने हीच कल्पना रंगाईला लावली. मंजिष्ठेसारखा रंग सुती कापडावर नुसता टिकत नाही, आधी कापडाला तुरटीसारखं रंगबंधक द्रव्य द्यावं लागतं. हे रंगारी शतकानुशतकं करत आले, पण का, ते कोणाला नीट सांगता येत नव्हतं. वर्नरने सांगितलं, की रंगाचा रेणू त्या द्रव्यातल्या धातूला ग्लायसिनसारखाच दोन ठिकाणी धरतो आणि अंगठी करतो. रंगाऱ्यांच्या गावात वाढलेल्या मुलाने गावाचं जुनं कोडं असं सोडवलं.

पण मुख्य लढाई कोबाल्टचीच होती. १९०७ मध्ये ते हरवलेलं जांभळं रूप अखेर झुरिकच्या तळघरात तयार झालं. वर्नरने नमुना सरळ कोपनहेगनला पाठवून दिला. योर्गेनसेन यांनी तो पाहिला आणि आपली थिअरी मागे घेतली. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. आयुष्यभराचं काम एका कुपीतल्या चिमूटभर पावडरीपुढे सोडून द्यायला वेगळीच हिंमत लागते. या गोष्टीतला दुसरा मोठा माणूस तो.

तरी शंकेला एक फट उरलीच होती. अष्टफलक खराच असेल तर काही संयुगं डाव्या आणि उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या जोडीत मिळायला हवीत, आणि त्यांनी ध्रुवीकृत प्रकाश विरुद्ध दिशांना वळवायला हवा. ही जोडी वेगळी करायचं काम व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्याच्या वाट्याला आलं. त्याने सुमारे दोन हजार वेळा स्फटिकीकरण करून पाहिलं म्हणतात, आणि हाती काही नाही! रस्त्यात ओळखीचे भेटले की प्रकाश वळला का म्हणून चेष्टा करत. अखेर १९११ मध्ये पद्धत बदलली आणि प्रकाश वळला. १८९३ ची कल्पना अठरा वर्षांनी उभी राहिली.

१९१३ चं केमिस्ट्रीचं नोबेल वर्नरला मिळालं. स्वित्झर्लंडला या विषयातलं हे पहिलंच. तरी काही जण म्हणत राहिले, की प्रकाश वळवण्याचा गुण त्या संयुगांतल्या कार्बनमुळे आला असेल. म्हणून १९१४ मध्ये वर्नर आणि त्याची विद्यार्थिनी सोफी माटिसेन यांनी कार्बनचा कणही नसलेलं कोबाल्टचं एक संयुग घेतलं आणि त्याचे डावे-उजवे वेगळे करून दाखवले. हे संयुग मुळात बनवलं होतं कोणी? योर्गेनसेन यांनीच. ते त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारले.

वर्नरकडेही वेळ थोडाच होता. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या आजाराने त्याला गाठलं. रोज रात्रीपर्यंत काम, शेकडो प्रबंध, आणि आता ज्या मेंदूला रेणू डोळे मिटून दिसायचे तोच साथ देईना. लेक्चर बंद झाली. १९१९ च्या ऑक्टोबरात त्याला पद सोडावं लागलं आणि १५ नोव्हेंबर १९१९ ला तो गेला. वय अवघं बावन्न.

दुय्यम संयुजा म्हणजे नेमकं काय, हे त्याला शेवटपर्यंत पूर्ण कळलं नव्हतं. ते सिजविक यांनी पुढे १९२० च्या दशकात सांगितलं, की नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी धातूला देऊ करतो, तोच हा बंध. म्हणजे वर्नरने हात मोजले ते हात कशाचे बनलेत हे माहीत नसताना. आणि मोजणी बरोबर निघाली.

तो चिमटा मात्र थांबला नाही. एफ.ई.ला आपण ज्या ईडीटीएने पाण्याचा हार्डनेस काढतो, तो रेणू नीट पाहा. दोन नायट्रोजन आणि त्यांना ॲसेटिक आम्लाचे चार हात. प्रत्येक हात म्हणजे ग्लायसिनचाच नमुना. सहा ठिकाणी धातूला धरून तो वर्नरच्या अष्टफलकासारखा भोवती गुंडाळला जातो. तांब्याशी त्याचा लॉग १९ च्या जवळ जातो, कॅल्शियमशी साधारण ११. हे टायट्रेशन १९४० च्या दशकात बसवलं गेरोल्ड श्वार्त्सेनबाख यांनी, वर्नरच्याच झुरिक विद्यापीठात. १९९७ साली आयबीएमने चिपमध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या तारा आणल्याचं जाहीर केलं. अशा चिपवरचं जादा तांबं घासून सपाट करताना स्लरीत हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर ग्लायसिन वापरतात. पेरॉक्साइड तांब्याचे आयन करतं, ग्लायसिन त्यांना धरून द्रावणात नेतं.

आणि आपल्या अंगातही हेच चालू आहे. रक्तातलं थोडं तांबं हिस्टिडिन या अमिनो आम्लाने धरलेलं असतं. विल्सन्स डिसीजमध्ये तांबं यकृतात आणि मेंदूत साचत जातं. १९५६ मध्ये जॉन वॉल्श या इंग्लिश डॉक्टरने पेनिसिलामिन हे औषध पुढे आणलं. तेही एक अमिनो आम्लच. ते तांब्याला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. त्याआधी या आजाराचं निदान म्हणजे बहुतेकदा मृत्यूचीच चाहूल होती. या औषधाने कित्येक तरुण मुलं वाचली.

वर्नर आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या संयुगांच्या कुप्या झुरिक विद्यापीठाने जपून ठेवल्या आहेत. २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्यांतले काही नमुने पुन्हा तपासले. शंभर वर्षांनंतरही रंग टिकून होते. त्या एका रात्रीचं आपल्याला फार कौतुक वाटतं, वाटायलाही हवं. पण त्या रात्रीच्या मागे योर्गेनसेन यांचे कित्येक वर्षांचे निर्दोष प्रयोग होते आणि पुढे तळघरात राबलेली दोनशे पोरं होती. थिअरी एकट्या वर्नरच्या नावाने ओळखली जाते. पण कुप्यांवरच्या चिठ्ठ्यांवर नावं बऱ्याच जणांची आहेत.